सांबरशिंग दर पावसाळ्यानंतर डागाळतं: कारण कसं ओळखायचं, काय करायचं

गोव्यातल्या जुन्या घरांत, मग ती सत्तरी-सांग्याकडची असोत की सासष्टी-बार्देशातली, बाल्कांवात (घरापुढच्या व्हरांड्यात) किंवा बैठकीच्या भिंतीवर सांबराच्या शिंगांची जोडी टांगलेली दिसते. तक्रारही ठरलेली असते. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) साफसफाईत धुऊन-पुसून वर लावलं, दसऱ्यापर्यंत पुन्हा पांढरट चट्टे, खोबणींत काळे ठिपके, बुडाशी पिवळट चिकटा. मग कुणी ब्लीचिंग पावडर लावतं, कुणी खोबरेल चोळतं, कुणी सरळ वॉर्निश मारून मोकळं होतं. पुढच्या वर्षी रंग आणखी बिघडतो. अशा शिंगांचं जितकं नुकसान पावसाने होतं, त्याहून जास्त या सफाईने झालेलं असतं. म्हणून हातात बादली घेण्याआधी डाग कशाचा आहे ते ठरवा.

आधी हे हाड आहे, हे लक्षात घ्या

सांबर, चितळ, भेकर यांचं शिंग म्हणजे हाड. बाहेर घट्ट कवच, आत जाळीदार सच्छिद्र भाग. कॅल्शियम फॉस्फेट आणि त्याला धरून ठेवणारं कोलॅजन हे प्रथिन. नर ते गाळतो आणि नवं उगवतं. गवा, म्हैस, बैल यांचं शिंग वेगळं: आत हाडाचा गाभा आणि त्यावर नखासारख्या केराटिनची टोपी, जी कधी गळत नाही. फाटे फुटलेले असतील तर हाडाचं, एकच वळण असलेलं आणि आतून पोकळ, पापुद्रे सुटणारं असेल तर केराटिनचं. खाली दिलेलं सगळं फाटेवाल्या शिंगासाठी आहे. गव्याच्या शिंगाला कोरडा ब्रश, ओलसर फडकं आणि मेणाचा पातळ हात एवढंच पुरे.

हाड असल्यामुळे ते पाणी पितं. बादलीत भिजवलं की पाणी जाळीदार भागात शिरतं, दमट हवेत आठवडेच्या आठवडे बाहेर पडत नाही आणि बुरशीला आतून ओलावा मिळत राहतो. चवथ येते भाद्रपदात, म्हणजे हवा अजून खूप दमट असताना. त्या वेळी धुतलेलं शिंग दसऱ्याला बुरसटलेलं दिसलं तर नवल नाही. चवथीला फक्त कोरडी धूळ झटका. ओलं काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करा.

रंगाबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. शिंग मुळात पांढरं असतं आणि मळल्यामुळे तपकिरी होतं, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर शिंगावरची मखमली कातडी सुटताना रक्त वाळतं, मग प्राणी झाडाच्या सालीवर शिंग घासतो आणि सालीचा रस त्यात मुरतो. तोच हा तपकिरी रंग. खोबणींत तो गडद, दांड्यावर मध्यम, आणि सतत घासली गेलेली टोकं हस्तिदंती. हा उतार राखायचा असतो, पुसायचा नसतो.

कागदपत्र आणि खूण

1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात शिंग ‘ट्रॉफी’मध्ये मोडतं. घरात ठेवायला मालकी प्रमाणपत्र लागतं. न सांगितलेला साठा जाहीर करण्यासाठी 2003 साली 180 दिवसांची मुदत दिली होती, ती कधीच संपली. वारशाने शिंग आलं तर 90 दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसं जाहीर करावं लागतं. विक्री तर प्रमाणपत्र असलं तरी चालत नाही, आणि जंगलात पडलेलं गळीत शिंग उचलून आणणंही नाही. सफाईशी संबंधित मुद्दा हा की प्रमाणपत्र देताना खात्याने शिंगावर किंवा कवटीवर ओळखखूण घातलेली असू शकते. ती पुसणं गुन्हा आहे. काम सुरू करण्याआधी ती शोधा, फोटो काढा, आणि त्या जागेला ब्रशही लावू नका. धंदा म्हणून असं काम करणाऱ्याला परवाना लागतो, त्यामुळे कोपऱ्यावरच्या पॉलिशवाल्याकडे शिंग सोपवू नका.

पांढरा डाग: चार वेगवेगळ्या गोष्टी

सगळ्यात जास्त चूक इथे होते, कारण चारही लांबून सारखेच दिसतात. शिंग खाली काढा, टॉर्च तिरका धरा आणि जवळून बघा.

बुरशी असेल तर डाग मऊ, किंचित केसाळ, गोलसर ठिपक्यांनी सुरू झालेला असतो. भिंतीकडच्या बाजूला आणि बुडाच्या खरखरीत कड्यात जास्त. वास कुबट. कोरड्या ब्रशने निघते.

क्षार असतील तर टॉर्चखाली बारीक चमक दिसते. कापसाचा बोळा डिस्टिल्ड पाण्यात (बॅटरीत भरायला मिळणारं शुद्ध पाणी चालतं) जेमतेम ओलसर करून टेकवला की पांढरेपणा विरघळतो, आणि वाळल्यावर कडेला पुन्हा उमटतो. हे क्षार चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) ओलसर भिंतीतून येतात. किनाऱ्याजवळच्या घरांत खारा वाराही असतो.

चुन्याचे किंवा डिस्टेंपरचे शिंतोडे वरच्या बाजूला, टणक थेंबांसारखे असतात. भिंत रंगवताना शिंग न उतरवल्याची ही खूण. नखाने एक कण काढून बशीत ठेवा आणि त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. चुना असेल तर जोरात फसफसतो. ही परीक्षा बशीतच करायची, कारण आम्ल हाडालाही खातं. म्हणूनच लिंबू, कोकम, चिंच यांनी शिंग ‘उजळवण्याचा’ घरगुती उपाय वाईट. थेंब काढताना तो ओलसर करून बांबूच्या काडीने टवका उडवा.

भुकटी मात्र डाग नाहीच. पुसलं तरी बोटाला दरवेळी पिठासारखं लागत असेल, पृष्ठभाग खडूसारखा कोरडा आणि निस्तेज असेल, तर कोलॅजन गेलेलं आहे आणि उरलेलं खनिज सुटतंय. कारणं दोनच: वर्षानुवर्षं थेट ऊन, किंवा ब्लीच. इथे अधिक सफाई म्हणजे अधिक झीज. थेट खालच्या ‘खडूसारखं झालेलं शिंग’ या भागाकडे जा.

बुरशी काढणं

एन-95 मास्क आणि हातमोजे घाला. काम घराबाहेर, वारा पाठीकडून येईल असं उभं राहून. शिंग आधी दोन-तीन दिवस सावलीत, हवेशीर जागी वाळू द्या. ओली बुरशी पुसली की ती छिद्रांत दाबली जाते. वाळलेली सुटून येते. मग 25 मिलिमीटरच्या मऊ रंगाच्या ब्रशने बुडाकडून टोकाकडे झटका. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर तोंडाला मलमलीचा तुकडा बांधून शेजारी धरा.

नंतर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. बोळा बुडवून पिळून घ्या आणि घासण्याऐवजी टेकवत, फिरवत न्या. बोळा मळला की बदला. 99 टक्क्यांचं आणू नका: ते बुरशीवर काम करण्याआधीच उडून जातं, आणि बुरशी मारायला थोडं पाणी लागतंच. घरात आहे म्हणून फेणी वापरायचा मोहही टाळा. तिच्यात अल्कोहोल कमी पडतं. एक दिवस वाळू द्या आणि आठवड्याने वास घ्या. कुबट वास उरला असेल तर एक फेरी आणखी.

बुरशी मेली तरी खोबणीतले काही काळे ठिपके राहतात. तो तिने सोडलेला रंग असतो, हाडात मुरलेला. त्याच्यामागे ब्लीच घेऊन लागू नका. मेण लावल्यावर ते ठिपके शिंगाच्या मूळ गडद रेषांत मिसळून जातात.

काजळी आणि तेलाचा पिवळेपणा

चुलीच्या किंवा देवघरातल्या समईच्या वाटेवर टांगलेलं शिंग एकसारखं काळपट, किंचित चिकट होतं. एक लिटर कोमट पाण्यात अर्धा चमचा बेबी शाम्पू एवढं सौम्य द्रावण करा. एका वेळी 10 ते 15 सेंटिमीटरचाच तुकडा घ्या: ओलसर बोळ्याने पुसा, खोबणीत टूथपिकला कापूस गुंडाळून फिरवा, लगेच साध्या पाण्याच्या ओलसर बोळ्याने साबण काढा आणि सुती कापडाने टिपून घ्या. मग पुढचा तुकडा. पूर्ण शिंग एकदम ओलं करायचं नाही. कपडे धुण्याची पावडर नको. तिचा अंश हाडात राहतो आणि पुढे स्वतःच पांढरा क्षार म्हणून फुटतो.

थांबायचं कधी? बोळा स्वच्छ परत आला की. काजळी बोळ्यावर येते, शिंगाचा स्वतःचा रंग येत नाही. बोळा स्वच्छ येत असूनही शिंग तपकिरी दिसतंय, तर तो त्याचा खरा रंग आहे.

खोबरेलाची गोष्ट वेगळी. लावल्या दिवशी शिंग झळाळतं, म्हणून पद्धत पडली आहे. तेल वाळत नाही, खवट होतं, धूळ धरतं, आणि बुरशीला आयतं खाणं मिळतं. जवसाचं तेल वाळतं, पण पिवळं-तपकिरी होऊन कडक बसतं. खोबरेल काढायला साबण पुरत नाही. मिनरल टर्पेंटाइनमध्ये ओलसर केलेला बोळा घ्या, पुसा, बदला, पुन्हा पुसा. दहा-बारा बोळे सहज जातात. खिडक्या उघड्या, जवळ आग नको. वापरलेले बोळे घरात गोळा करून ठेवू नका, बाहेर पसरून वाळवा. जवसाच्या तेलाचा कापूस ढिगात आपोआप तापून पेटू शकतो. छिद्रांत खोल गेलेलं तेल पहिल्या फेरीत येत नाही. महिनाभराने ते वर येतं तेव्हा दुसरी फेरी.

वॉर्निश असेल तर आडोशाच्या जागी स्पिरिटचा बोळा अर्धा मिनिट टेकवा. पृष्ठभाग चिकट झाला तर चपड्याचं पॉलिश आहे, ते स्पिरिटनेच निघेल. स्पिरिटला दाद दिली नाही पण थिनरने मऊ झालं, तर लॅकर. दोन्हीला दाद देत नसेल तर पीयू (पॉलीयुरेथेन) आहे. ते तासून काढण्याच्या नादात मूळ पृष्ठभाग जातो. अशा वेळी फक्त चकाकी कमी करा: बारीक नायलॉन पॅड हलक्या हाताने, टोकांपासून दूर.

नारिंगी आणि हिरवे डाग

स्क्रूच्या किंवा तारेच्या आजूबाजूचा नारिंगी डाग म्हणजे गंज. ठिपके शिंगभर विखुरलेले असतील तर कुणीतरी स्टील वूलने घासलंय: तंतू खोबणीत अडकले आणि पहिल्या पावसात गंजले. चिमट्याने आणि ब्रशने तंतू काढा. हाडात मुरलेला गंज सोडून द्या. बाजारातल्या गंज काढणाऱ्या द्रावणांत आम्ल असतं आणि ते गंजाबरोबर हाडही नेतं. पितळी स्क्रूभोवती मेण किंवा तेल साचलं की हिरवा मेणचट थर येतो. तो काडीने खरवडून काढा. दोन्हीवर उपाय एकच, 316 ग्रेडचे स्टेनलेस स्क्रू. हार्डवेअरच्या दुकानात ‘मरीन ग्रेड’ म्हणून मागा. 304 स्वस्त पडतं, पण खाऱ्या वाऱ्यात त्यावरही ठिपके येतात.

कवटी पांढरी करताना बुडाशी पडणारं वलय

शिंगाखालची कवटीची पट्टी पिवळी पडली असेल तर तिला हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं, पण तेवढ्याच भागाला. औषधांच्या दुकानात ‘20 व्हॉल्यूम’ची बाटली मिळते, म्हणजे सुमारे 6 टक्के. तेवढंच पाणी मिसळून 3 टक्के करा. चूक अशी होते: कापसाने लावलेलं द्रावण बुडाच्या खरखरीत कड्यातून वर चढतं आणि दोन दिवसांनी शिंगाच्या तळाशी पांढरं वलय दिसतं. म्हणून कड्याच्या खाली व्हॅसलिनची बोटभर रुंद पट्टी द्या, शिंगावर क्लिंग फिल्म गुंडाळून टेप लावा, आणि मगच कवटीवर ओलसर कापूस ठेवा. तीन-चार तास पुरेत. उन्हात ठेवायची गरज नाही. नंतर साध्या पाण्याच्या बोळ्याने तीनदा पुसून आठवडाभर सावलीत वाळवा.

कवटी असो वा शिंग, उकळत्या पाण्यात कधीच नाही. कोलॅजनचं जिलेटिन होतं आणि हाड ठिसूळ पडतं.

आणि ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, कोणत्याही प्रमाणात नाही. ते डागाबरोबर कोलॅजनही खातं, आणि धुतल्यानंतरही छिद्रांत उरून काम करत राहतं. ब्लीच केलेलं शिंग दोन-तीन पावसाळ्यांनी खडूसारखं का होतं, त्याचं उत्तर हेच.

खडूसारखं झालेलं शिंग

भुकटी सुटत असेल तर आधी पृष्ठभाग बांधावा लागतो. संग्रहालयांत यासाठी पॅरालॉइड बी-72 हे अॅक्रिलिक रेझिन वापरतात: 100 मिलिलिटर अॅसिटोनमध्ये 3 ते 5 ग्रॅम दाणे, झाकणबंद काचेच्या बरणीत रात्रभर ठेवून विरघळवलेले. मऊ ब्रशने एक पातळ हात, एक दिवसाने दुसरा. 5 टक्क्यांच्या वर गेलात तर चकाकी येते. पावसाळी दिवशी हे काम नको: अॅसिटोन उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं बाष्प त्यावर धरतं आणि रेझिन दुधट होतं. तसं झालंच तर कोरड्या दिवशी नुसत्या अॅसिटोनचा ब्रश फिरवा, दुधटपणा जातो.

मग रंग. जुन्या कारागिरांची पद्धत पोटॅशियम परमँगनेटची. 100 मिलिलिटर कोमट पाण्यात 1 ग्रॅम. लावताना जांभळं, काही मिनिटांत तपकिरी. रंग पक्का बसतो, हीच त्याची अडचण: चुकला तर परत फिरता येत नाही. शिवाय ते जोरदार ऑक्सिडीकारक आहे. पेरॉक्साइड लावलेली जागा पुरती वाळलेली नसेल तर फेसाळून उसळतं, आणि ग्लिसरीनशी गाठ पडली तर पेट घेतं. घरच्या वारशाच्या शिंगाला आमची पसंती अॅक्रिलिक रंगाला: रॉ अंबर आणि थोडा बर्न्ट अंबर, एक भाग रंगाला दहा भाग पाणी. बांधलेल्या पृष्ठभागावर लावा, अर्ध्या मिनिटात ओलसर कापडाने उंचवट्यांवरून पुसून घ्या, खोबणीत राहू द्या. असे तीन-चार पातळ हात. बुडाशी गडद, वर फिकट, आणि फाट्यांची शेवटची तीन-चार सेंटिमीटर टोकं कोरी. एकसारखं तपकिरी रंगवलेलं शिंग प्लास्टिकचं वाटतं.

एखादं टोक सपाट, तिरकं झिजलेलं दिसलं तर ते तुटलेलं समजून भरायला जाऊ नका. सांबरशिंग सहाणेवर उगाळून छातीला लेप लावायची चाल घराघरात होती. ती सपाटी त्याचीच. घराण्याची तेवढी खूण तरी राहू द्या.

शेवटचा हात: मेण

100 ग्रॅम मधमाशीचं मेण किसून 200 ते 250 मिलिलिटर टर्पेंटाइनमध्ये. मेण आधी गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवा, गॅस बंद करा, भांडं बाहेर न्या, मगच टर्पेंटाइन ओता. गार झाल्यावर लोण्यासारखी पेस्ट होते. सुती कापडाने अगदी पातळ लावा, 20 ते 30 मिनिटांनी मऊ ब्रशने खोबणी आणि मग कापडाने दांडा चमकवा. बोट फिरवल्यावर ठसा उमटला तर मेण जास्त झालंय. धूळ तिथेच बसणार. वर्षातून एकदा पुरतं. वॉर्निशपेक्षा मेण बरं, कारण ते टर्पेंटाइनने कधीही काढता येतं.

तरीही डाग परत येतोय?

मग शिंगाचा पिच्छा सोडा आणि भिंतीकडे बघा. हवेतली सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी सहसा धरत नाही. गोव्याच्या पावसाळ्यात ती आठवडेच्या आठवडे 80 च्या वर असते. त्यात चिऱ्याची भिंत पायातून पाणी ओढते. पश्चिमेची, पाऊस झोडपणारी बाहेरची भिंत सर्वांत वाईट. शिंग घराच्या आतल्या भिंतीवर हलवा, आणि शिंग ज्या फळीवर बसवलंय तिच्यामागे दोन सेंटिमीटरचे ठोकळे लावून हवा खेळती ठेवा. निम्म्या तक्रारी एवढ्यावर मिटतात. फळीतून भुकटी पडत असेल तर कीड लाकडात आहे, शिंगात नाही, फळी बदला. कवटीजवळ तपकिरी केसाळ कात पडलेली दिसली तर कातडी खाणाऱ्या भुंग्याच्या अळ्या आहेत: उरलेलं वाळकं मांस-कातडं खरवडून काढा, आणि मावत असेल तर प्लास्टिकमध्ये हवाबंद करून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. डांबराच्या गोळ्या बुरशीला काही करत नाहीत.

काचेच्या पेटीत ठेवत असाल तर सिलिका जेल नारिंगी दाण्यांचं घ्या. हिरवं पडलं की ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर दोन-तीन तास तापवून परत वापरता येतं. पेटीला फटी असतील तर जुलैत ते काही दिवसांतच हिरवं होईल. आधी फटी बुजवा. कपाटात 15 वॅटचा जुना पिवळा बल्ब लावायची आपल्याकडची युक्ती इथेही चालते, फक्त शिंगापासून हातभर लांब. जवळ लावला तर लांबीच्या दिशेने चिरा पडतात.

कातडं भरलेलं पूर्ण डोकं असेल तर वरचं काहीच करू नका. जुन्या भरलेल्या प्राण्यांच्या कातड्याला कीड लागू नये म्हणून आर्सेनिकचा साबण लावत असत. डोळ्यांभोवती किंवा शिवणीवर दिसणारी पांढरी पूड तीच असू शकते. ती झटकायची नाही, फुंकायची नाही. डोक्यावर मलमल टाका, मुलांच्या हाताबाहेर ठेवा, आणि फक्त वर आलेली शिंगं ओलसर बोळ्याने, हातमोजे घालून पुसा. बोळे पिशवीत बांधून टाका.